सतरा नंबरजवळचे मासे

६ फेब्रुवारी

कंपनीची डायरी यंदा महिनाभर उशिरा हातात पडली. मुखपृष्ठावर समुद्रातल्या पवनचक्कीचं चित्र आहे आणि तिला चार पाती काढली आहेत. आमच्या चक्क्यांना तीन असतात. ज्याने चित्र काढलं त्याला माहीत नव्हतं, ज्याने मंजूर केलं त्याने मोजली नाहीत. मी मोजली. वही वाया जायला नको म्हणून लिहायला घेतली आहे, आणि आज लिहिण्यासारखं घडलंही आहे.

यंदाच्या तळपाहणीचं काम साहेबांनी माझ्या एकटीच्या नावावर केलं. समुद्रात आमचे बत्तीस खांब आहेत. वर्षभरात त्यांच्या पायथ्याची वाळू किती सरकली, कुठे खळगा पडला, खांबांना जोडणारी विजेची केबल वाळूत पुरलेली आहे की उघडी पडली, हे सगळं नकाशावर आणायचं. नऊ वर्षं मी नकाशे केले आणि सही दुसऱ्याची झाली. आता माझी होईल.

साहेबांना आम्ही पाठीमागे ‘दशांश’ म्हणतो. चहात साखर किती विचारलं तर ते दीड चमचा म्हणत नाहीत, एक पूर्णांक पाच दशांश म्हणतात. बोलताना टेबलावरचा केबलचा तुकडा फिरवत बसायची त्यांना सवय आहे. मनगटापेक्षा जाड केबल आडवी कापून कागदांवर वजन म्हणून ठेवली आहे. आत तांब्याचे तीन गोल, भोवती पोलादी तारा आणि सगळ्यात बाहेर डांबरात बुडवलेल्या काळ्या-पिवळ्या दोऱ्यांचं वेष्टण. आजही तो तुकडा फिरवतच म्हणाले, “तुझ्याइतकं स्वच्छ काम या मजल्यावर कोणी करत नाही.”

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे समुद्राच्या तळाची झाडलोट तुझ्याकडे आली. नीट झाड, कोपरे सोडू नकोस.” कौतुक करायची तिची ही पद्धत आहे.

१३ फेब्रुवारी

आईने केलेलं वर्णन खरं तर अचूक आहे. पाहणीची बोट पाण्यात आवाज सोडते, तो तळावर आपटून परत येतो आणि प्रत्येक आपटण्याचा माझ्या पडद्यावर एक ठिपका होतो. एका खांबाभोवती काही कोटी ठिपके. त्यात तळाबरोबर मासे येतात, बुडबुडे येतात, तरंगणारं शेवाळ येतं. तळाच्या वर जे लोंबकळतंय ते मी खोडते. खोडलेले ठिपके नाहीसे होत नाहीत, करडे होतात आणि नकाशातून बाद होतात. एकतीस मेला वर्षाचं दप्तर बंद होतं तेव्हा करडे ठिपके कायमचे पुसले जातात.

एक नियम आहे. केबलच्या दोन्ही बाजूंना पंचवीस मीटरच्या आत काही खोडायचं असेल तर गेल्या वर्षीचा नकाशा शेजारी उघडून बघायचा. तो उघडायला आमच्या संगणकाला वीस मिनिटं लागतात. नियम नव्या लोकांसाठी चांगला आहे.

२० फेब्रुवारी

दादा आणि वहिनी जेवायला आले होते. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. बाबा गेल्यावर त्याने शाळा सोडून त्यांची बोट हातात घेतली आणि मला शिकवलं. हे मी विसरलेली नाही, पण तो बसला की ज्ञान पाजळतो आणि मग मला गप्प राहवत नाही.

त्याच्याकडे बाबांचा शिशाचा गोळा आहे, दोरीला बांधलेला. गोळ्याच्या बुडाला खळगी आहे, तीत धुण्याचा साबण दाबून भरायचा आणि गोळा तळापर्यंत सोडायचा. साबणाला वाळू चिकटली तर वाळू, चिखल चिकटला तर चिखल, काहीच नाही चिकटलं तर खडक. इतकं साधं. आज म्हणाला, “चिंगे, तुमच्या सतरा नंबरच्या खांबाजवळ काहीतरी वर आलंय. खांबापासून सत्तर-ऐंशी मीटरवर. दोनदा गोळा टाकला, एकदा वाळू लागली आणि एकदा हे.” त्याने खिशातून बोटभर लांबीचा एक चिकट काळा दोरा काढला. एका बाजूने पिवळसर होता.

मी म्हटलं, “जुन्या जाळ्याचा आहे.”

“जाळ्याचा दोरा मला कळतो.”

“आमच्याकडे आकाशातून जागा सांगणारं यंत्र आहे रे, आणि तू साबण घेऊन बसलास.” वहिनी हसली. दादाही हसला, पण मग म्हणाला, “पुढच्या महिन्यात मला तिथून जाळं ओढायचंय. खांबापासून पन्नास मीटरच्या बाहेर परवानगी आहे, पण खाली काय आहे ते बघून सांग. तुझ्या शब्दावर टाकीन.”

बघते म्हटलं. दोरा टेबलावरच राहिला. आई फेकून देणार होती, मी या वहीत खूण म्हणून ठेवला आहे.

२६ फेब्रुवारी

आज सतरा नंबर झाडला. तिथे गुडघाभर उंचीवर ठिपक्यांची एक सरळ रांग होती, नऊ मीटर लांब. मासे अगदी शाळेच्या प्रार्थनेला उभे असावेत तसे. खांबांभोवती मासे जमतातच. त्यांना म्हटलं, बाळांनो, प्रार्थना संपली, घरी जा. एका फटक्यात सगळे करडे.

नियमाने गेल्या वर्षीचा नकाशा उघडायला हवा होता. पण आज चार खांब संपवायचे ठरवले होते, आणि मासे ओळखायला मला मागचा नकाशा लागत नाही.

दुपारी दादाला फोन केला. “सपाट आहे. खुशाल ओढ जाळं.” तो म्हणाला, “नक्की ना?” म्हटलं, “तुझ्या साबणापेक्षा नक्की.”

११ मार्च

बत्तीसही नकाशे सही करून दिले, ठरल्यापेक्षा आठ दिवस आधी. साहेबांनी सगळ्यांदेखत टाळ्या वाजवल्या. घरी येताना आईसाठी नवी चादर घेतली. ती म्हणाली, जुनी अजून फाटलेली नाही.

२ एप्रिल

दादाला अपघात झाला. जाळं तळाशी अडकलं, बोट कलली, विंचवर गुंडाळला जाणारा दोर उसळला आणि त्यात उजवा हात सापडला. बोटीवरच्या जोडीदाराने दोर तोडला म्हणून बोट वाचली. हॉस्पिटलमध्ये आहे. अजून काही कळलेलं नाही.

३ एप्रिल

तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

मी गेले तेव्हा औषधाच्या गुंगीत होता. काहीबाही बोलत होता, काळं-पिवळं, काळं-पिवळं. नर्स म्हणाली असं होतं. मग डोळे उघडून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मी विचारलं, “दुखतंय का रे?” तो म्हणाला, “तू नीट बघितलं होतंस ना, चिंगे?”

“हो.”

“मग झालं,” म्हणाला आणि डोळे मिटले.

वहिनी खाटेच्या पायाशी बसून त्याच्या शर्टाची बटणं लावत होती. शर्ट घडी घालून मांडीवर होता आणि ती एकेक बटण लावायची, काढायची, परत लावायची.

५ एप्रिल

ऑफिसात सहा खांब बंद आहेत. सतरा नंबरची केबल ओढली गेली आणि आतून तुटली. पाणबुड्यांनी चित्रं आणली, केबल वाळूवर वेडीवाकडी पडली आहे. कंपनीचं म्हणणं असं की केबल दीड मीटर वाळूखाली होती, बोटवाल्याने बंदी असलेल्या जागेत नांगर टाकून ती उपसली. दादा नेमका कुठे होता ते दाखवणारं त्याचं यंत्र बोट कलली तेव्हा पाण्यात गेलं. चौकशी लागली आहे. दोष त्याच्यावर आला तर परवाना कायमचा जाईल.

केबल वाळूखाली होती याला पुरावा काय? माझा नकाशा.

साहेबांना मी सांगितलं की तो बोटवाला माझा सख्खा भाऊ आहे. ते हळहळले, मनापासून. म्हणाले, “तू चौकशीत बोलायला नको, आम्ही बघू.” पण कंपनीचे वकील तिथेच बसले होते, ते म्हणाले, “हे तर फारच उत्तम. सख्ख्या बहिणीनेच केलेला नकाशा म्हटल्यावर शंका कोण घेणार?”

६ एप्रिल

आज सुट्टी. माळा आवरला.

९ एप्रिल

मन स्वस्थ बसू देईना म्हणून सतरा नंबर उघडला. करडे ठिपके परत आणायला एक कळ दाबावी लागते. दाबली. रांग तशीच होती, नऊ मीटर, गुडघाभर उंच. मासे असतात कधीकधी रांगेत. गेल्या वर्षीचा नकाशा उघडायला घेतला होता, पण जेवायची वेळ झाली आणि वीस मिनिटं थांबणं शक्य नव्हतं. ठिपके पुन्हा करडे करून ठेवले.

खोडणाऱ्याचं नाव आणि वेळ तिथे नोंदलेली असते. सव्वीस फेब्रुवारी, अकरा वाजून चाळीस मिनिटं.

१३ एप्रिल

स्वयंपाकघरातले सगळे डबे घासले. आई म्हणाली, “ते गेल्या रविवारीच घासलेस.” म्हटलं, चिकट झाले होते.

२४ एप्रिल

आज पहिली चौकशी. लांब टेबल, पाण्याचा जग, कुरकुरणारा पंखा. चौकशी अधिकारी एक बाई आहेत, पान उलटताना बोटाला थुंकी लावतात आणि प्रत्येक उत्तर स्वतःच्या हाताने लिहून घेतात. वकिलांनी भिंतीवर माझा नकाशा दाखवला. सुंदर दिसत होता. सतरा नंबरभोवती हिरवा गुळगुळीत तळ, आणि कोपऱ्यात माझी सही. मी मागच्या रांगेत अंग चोरून बसले होते.

दादाचा हात पांढऱ्या पट्ट्यांत होता. बाईंनी विचारलं, “तिथे जाळं ओढायला हरकत नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?”

दादाने खिडकीकडे पाहिलं.

“नाही,” तो म्हणाला. “कोणी नाही. माझाच अंदाज.”

“कोणाला विचारलंही नाही?”

“विचारायला कोण आहे तिथे?”

मार बसल्यावर माणसाला मागचं आठवत नाही म्हणतात. तसंच झालं असणार. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून इतकी लाज वाटली की बाहेर आल्यावर मी त्याच्याजवळ गेले नाही. लांबूनच हात केला. त्याने डावा हात वर केला.

जिन्यात वहिनीने गाठलं. “वन्सं, तुमच्या यंत्राने सगळं बघितलंय ना? मग त्याला एकदा परत विचारा की. माणूस खोटं बोलेल, यंत्र कशाला बोलेल?” मी म्हटलं, बघते. हाच शब्द मी दादालाही दिला होता.

पुढची तारीख सत्तावीस मे. त्या दिवशी परवान्याचा निकाल.

२ मे

बाथरूमच्या फरश्यांमधल्या रेघा जुन्या दातघासणीने साफ केल्या. दोन तास लागले.

१४ मे

आज साहेबांच्या खोलीत गेले. उभ्यानेच विचारलं, “एखाद्या नकाशात चूक राहिली असेल तर काय करायचं असतं?”

ते केबलचा तुकडा फिरवत होते, तो थांबला. “कुठल्या?”

“एखाद्या.”

“चूक असेल तर लेखी दे, मी वर पाठवीन. नुसती शंका असेल तर तुझ्याजवळ ठेव. चूक की शंका, हे मी सांगू शकत नाही. खोडलंस तू.” मग जरा मऊ आवाजात म्हणाले, “दप्तर एकतीसला बंद होतंय. त्यानंतर शंकेलाही जागा उरत नाही.” त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला.

वर्षानुवर्षं फिरवून त्याचं बाहेरचं वेष्टण सुटायला आलं आहे. एक दोरा लोंबत होता. काळा, चिकट, एका बाजूने पिवळा.

जागेवर येऊन पिशवीतून ही वही काढली, दादाचा दोरा हातात घेतला, कुजबुजल्यासारखं ‘जाळ्याचा आहे’ असं एकदा म्हणूनही पाहिलं. मग गेल्या वर्षीचा नकाशा उघडायला लावला आणि वीस मिनिटं खुर्चीत बसून राहिले. कोणीतरी चहा ठेवून गेलं. पडद्यावर गेल्या वर्षीची केबलची रेघ उमटली. मी करडे ठिपके परत आणले. नऊच्या नऊ मीटर त्या रेघेवर पडले, एक ठिपका इकडचा तिकडे नाही. खालची वाळू वाहून गेली होती आणि केबल दोन टोकांवर अधांतरी होती. दादाचं जाळं तिच्याखाली शिरलं.

काळं-पिवळं. तो शुद्धीत होता. दोर तुटायच्या आधी जाळ्याबरोबर काय वर आलं ते त्याने डोळ्यांनी बघितलं होतं, आणि तरी त्याने मला विचारलं, तू नीट बघितलं होतंस ना. मी हो म्हणाले.

१५ मे

दादाला सगळं आठवतं. चौकशीत तो विसरला नव्हता. मला हे तेव्हाही कळलं होतं असं आता वाटतं, मी फक्त ते लिहिलं नाही.

१९ मे

मला काहीही करायचं नाही. एकतीस तारखेपर्यंत नुसतं गप्प बसायचं, मग ठिपके आपोआप पुसले जातील. पाप करायला काहीतरी हालचाल करावी लागते असं मला वाटायचं.

काय जाईल याचा विचार करते. नोकरी जाईल. सही जाईल. दुसरीकडे कोणी विचारणार नाही, कारण ही चूक शिकाऊ माणसाची आहे. त्याची बोटं मात्र गेलीच आहेत, ती कुठल्याही कबुलीने उगवणार नाहीत. हा माझा युक्तिवाद. मी तो चार दिवस घासून पुसून चकचकीत केला आहे आणि तरी तो अंगावर घेववत नाही, कारण बोटं गेली तरी परवाना अजून गेलेला नाही.

२२ मे

संध्याकाळी खिडक्यांच्या काचा पुसत होते. आई मागे येऊन उभी राहिली.

“काय केलंस?”

“काच पुसतेय.”

“ते दिसतंय. काय केलंस ते विचारतेय.” ती पलंगावर बसली. “सात वर्षांची असताना तू लोणच्याची मोठी बरणी फोडली होतीस. तेव्हा सगळ्या घराची फरशी पुसत बसली होतीस, जिथे तेल सांडलं नव्हतं तिथलीसुद्धा. दादा म्हणाला, मी फोडली. एवढ्या वाढलेल्या पोराने माझ्या हातचा मार खाल्ला. मला तेव्हाच माहीत होतं.”

“मग त्याला का मारलंस?”

“तू बोलशील म्हणून.” मग म्हणाली, “दोन महिने झाले, या घरात धूळ म्हणून उरलेली नाही. तो आता चमचा डाव्या हाताने धरतो. वरण दाढीवर सांडतं आणि वहिनी पुसते.”

फडकं हातात तसंच होतं. मी तिला सगळं सांगितलं. रडले, खूप रडले. तिने मला जवळ घेतलं नाही. उठून फडकं माझ्या हातातून काढलं आणि बादलीत टाकलं.

२७ मे

आज दुसरी चौकशी. वकील बोलून बसले आणि मी मागच्या रांगेतून उठले. साहेबांनी मान खाली घातली, पण अडवलं नाही. त्यांना सकाळीच लेखी दिलं होतं. वाचून त्यांनी एवढंच म्हटलं होतं, “शुद्धलेखन बरोबर आहे.” मग चष्मा काढून बराच वेळ पुसला.

मी दोन्ही नकाशे भिंतीवर एकावर एक दाखवले, करडे ठिपके आणि गेल्या वर्षीची रेघ. दोरा बाईंच्या समोर ठेवला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला.

“हे आधी का नाही सांगितलं?”

“भीती वाटली.” दुसरं काही सुचलं नाही, आणि दुसरं काही नव्हतंही.

“हा दोरा तुमच्याकडे कधी आला, काही नोंद आहे?”

नोंद होती. पिशवीत होती. बाई म्हणाल्या, “वाचा.”

मी उभी राहून वीस फेब्रुवारी वाचलं. आमच्याकडे यंत्र आहे आणि तू साबण घेऊन बसलास, हे वाचलं. मग सव्वीस फेब्रुवारी. मासे प्रार्थनेला उभे होते, बाळांनो, प्रार्थना संपली, घरी जा. खोलीत कोणी हसलं नाही. लिहिताना मला हे विनोदी वाटलं होतं. दादा पहिल्या रांगेत पाठमोरा होता आणि त्याचा तो उरलेला हात खुर्चीच्या पाठीवर होता, अंगठा आणि करंगळी. मी त्या हाताकडे बघत शेवटचं वाक्य वाचलं, तुझ्या साबणापेक्षा नक्की.

बाईंनी लिहिणं थांबवलं आणि दादाला विचारलं, “तुम्ही मागे म्हणालात की कोणी सांगितलं नव्हतं.”

दादाने खुर्चीच्या पाठीवरचा हात मांडीवर घेतला.

“ते खोटं होतं?”

“हो,” तो म्हणाला.

बाईंनी तेही लिहून घेतलं, आणि दोन्ही पानांच्या प्रती काढून घेतल्या.

बाहेर पायऱ्यांवर तो थांबला होता. मला वाटलं जवळ घेईल. काय म्हणायचं ते मी रात्रभर घोकून ठेवलं होतं, पण तोच आधी बोलला.

“जन्मात पहिल्यांदा सरकारी माणसापुढे खोटं बोललो, चिंगे. बोटं गेलीच होती. म्हटलं, निदान तुझं तरी काही जायला नको.” मग माझ्या हातातल्या वहीकडे बघून म्हणाला, “तेवढं एक मला जमलं होतं. तेही तू राहू दिलं नाहीस.”

“दादा, तुझा परवाना—”

“कळतं मला. बरोबर केलंस. पण दोन महिने लावलेस.”

वहिनी पुढे निघून गेली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

३१ मे

मला कामावरून थांबवलं आहे, चौकशी होईपर्यंत. आज दप्तर बंद झालं असेल. सतरा नंबरचे ठिपके आता करडे नाहीत, नकाशात आहेत. सही मात्र कोपऱ्यात माझीच आहे.

दिवसभर काही साफ केलं नाही.

१२ जून

दादाचा परवाना राहिला. खोटं सांगितल्याबद्दल त्याला लेखी समज मिळाली. वहिनीने आईला फोन करून कळवलं. मी शेजारीच उभी होते, पण तिने ‘वन्संना द्या’ असं म्हटलं नाही.

साहेबांनी घरी एक खोका पाठवला. माझा कप, माझी चप्पल आणि तो केबलचा तुकडा. चिठ्ठी वगैरे काही नाही. तुकडा कुठे ठेवायचा हे मला कळत नाही, सध्या दाराशी आहे आणि आईला दोनदा ठेच लागली.

१९ ऑगस्ट

पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपली. पहाटे दादाचा फोन आला. “मोकळीच आहेस ना? ये बोटीवर.” पुढे काही बोलला नाही.

चोवीस वर्षांनी मी त्या बोटीवर चढले. जोडीदार यंत्राशी होता. दादा सुकाणूजवळ उभा होता, डाव्या हाताने चाक धरून. सतरा नंबरच्या पुढे, खांबापासून बरंच लांब, त्याने बोट थांबवली. बाबांचा शिशाचा गोळा माझ्या पायाशी सरकवला आणि साबणाची वडी दिली.

तेव्हा मला कळलं की मला का बोलावलं. खळगीत साबण दाबून भरायला बोटांत जोर लागतो, आणि दोरी हातातून सोडताना गोळा तळाला टेकला हे बोटांनाच कळतं. त्याला ते आता जमत नाही. मी साबण भरला. अंगठ्याने दाबून काठापर्यंत, तो लहानपणी मला शिकवायचा तसा. दोरी सोडली. सव्वीस हातांवर ती सैल पडली. मी गोळा वर ओढला आणि उलटा केला. साबणावर बारीक करडी वाळू चिकटली होती, अगदी सारखी, कुठे दोरा नाही, खडा नाही. मला इतकं बरं वाटलं की गोळा तसाच त्याच्यापुढे धरला.

“वाळू आहे, दादा. सपाट आहे.”

तो चाकावर हात ठेवून समोर बघत होता. रागावलेला नव्हता. जाळं बाजूला तयार होतं आणि जोडीदार त्याच्या खुणेची वाट बघत होता.

“पुन्हा टाक,” दादा म्हणाला.

मी जुना साबण खरवडून काढला, नवा भरला आणि पुन्हा टाकला.